एक वाटी, दोन चमचे

माझा दादा धडधाकट माणूस होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पुढे जो तो त्याच्याकडे बघून मान हलवायचा आणि "वय झालं हो आता" म्हणायचा, आणि ते वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वय काय पाहुण्यासारखं दार वाजवून एका दुपारी येतं? वय माझंही झालंय. मी काय खुर्चीत बसून लाळ गाळतेय?

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळी उमेदीची वर्षं त्यानं इमारतींच्या पोटात काढली. वर लोखंडी दोर, खाली काळोख, आणि मधल्या फळ्यांवर आमचा दादा, दातांत बॅटरी धरून. कधी पडला नाही, कधी साधा घसरलाही नाही. लिफ्टमध्ये लोक अडकले की आत रडारड सुरू व्हायची. हा दाराला तोंड लावून शांतपणे म्हणायचा, "मी आलोय. खाली बसा आणि मला सांगा, आज घरी जेवायला काय केलंय?" आतला माणूस आधी चिडायचा, मग सांगायला लागायचा, आणि जेवणाची चर्चा संपेपर्यंत दार उघडलेलं असायचं. मला तो लहानपणापासून 'तोफ' म्हणतो. मी तापट, तो थंड. दोघं एकाच पोटी कसे निपजले, याचं आमच्या आईलाच नवल वाटायचं.

वहिनी पाळणाघर चालवायची. दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली लोकांच्या पोरांची. नोकरीवर जाणाऱ्या आया सकाळी मुलं सोडायच्या, संध्याकाळी न्यायच्या. दुपारी वहिनी पोरांना भिंतीशी ओळीनं बसवायची आणि मोठा वाडगा घेऊन एकेकाला भरवत जायची. पोरं बिलंदर. घास गालात धरून ठेवायची आणि तिची पाठ वळली की खिडकीतून थुंकायची. म्हणून तिची तपासणी असे: "आ कर. जीभ वर. आता गिळ." तिच्या हातून न गिळता सुटलेलं पोर मी पाहिलं नाही. दादाचं काम जवळपास असलं की तोही जेवायला घरी यायचा आणि त्या ओळीत पहिला बसायचा, गुडघे पोटाशी घेऊन. पहिला चमचा त्याला. "आधी तुम्ही," ती म्हणायची. मोठ्या माणसानं खाल्लं की पोरं तोंड उघडतात, असं तिचं शास्त्र होतं. दादा डोळे मिटून "वा, वा" करायचा आणि पोरं चोची उघडायची. कसला संसार होता तो! मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग ती विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग माणसं. पाळणाघर बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती, पण संध्याकाळ झाली की ती दारात उभी राहून रडायची. "पोरं कुठं गेली? त्यांच्या आया आता येतील, मी काय सांगू त्यांना?" दादा तिला आंघोळ घालायचा, केस विंचरायचा, संध्याकाळी हात धरून गल्लीत फिरवायचा. पण एका दुपारी त्याचा डोळा लागला आणि तिनं गॅस पेटवून त्यावर टॉवेल वाळत घातला. शेजारी धावले म्हणून निभावलं. त्यानंतर सगळ्यांनी एकच सूर लावला, आता पुरे.

त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे माझी भाची, याच शहरात राहते. तिच्या घरी तिची सासू अंथरुणाला खिळलेली. एका बाईनं एका वेळी किती जणींना उचलायचं? मी म्हटलं, माझ्याकडे आणा. दादा नुसता हसला. माझ्या खोलीत दुसरा पलंग टाकला तर दार उघडणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मग त्यानंच ठरवलं, वहिनीला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवायचं आणि आपणही तिथंच जाऊन राहायचं.

"तुला काय धाड भरलीय तिथं राहायला?" मी ओरडले.

"मला काही झालेलं नाही गं, तोफे. पण ती एकटी घाबरेल."

होम वाईट नव्हतं. वाईट असतं तर सोपं गेलं असतं, शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं. वर बायका, खाली पुरुष आणि जेवणाचा हॉल. टेबलांवर पुसायला सोपे म्हणून प्लास्टिकचे कपडे, भिंतीला लावून खुर्च्या, कोपऱ्यात कुणीही न बघणारा टीव्ही. दोन मजल्यांना मिळून एकच सिस्टर. बिचारीच्या चपलांच्या टाचा झिजून जमिनीला लागल्या होत्या, इतकी ती पळायची. वाढायला एक मावशी, मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची. जेवणाआधी थोडा वेळ आतल्या खोलीतून खलबत्त्याचा आवाज यायचा. मी कधी सकाळी डोकावले की तो ऐकायचे आणि मनात म्हणायचे, वा, इथं मसाला ताजा कुटतात हं. माझी अक्कल!

पहिले काही दिवस वहिनीनं होम डोक्यावर घेतलं. संध्याकाळी फाटकाशी जाऊन भेटायला आलेल्यांना अडवायची, "तुमचं पोर कोणतं?" म्हणून विचारायची. एकदा तिला आत ओढणाऱ्या होमच्या एका बाईच्या तिनं थोबाडीत दिली. मग डॉक्टरांनी शांत राहण्याची गोळी लिहून दिली. वहिनी ती थुंकायची. घास लपवणाऱ्यांची सगळी कारस्थानं तिनं जन्मभर हाताळलेली, ती कुणाला दाद देते? दादा काळजीत पडला. पण एका आठवड्यानं मॅनेजरबाई त्याला म्हणाल्या, "आता घेतात हो त्या नीट. तुम्ही अजिबात काळजी करू नका." त्यानं केली नाही. मीही केली नाही.

दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांना पिवळं, गोड कस्टर्ड मिळायचं. वहिनी आपल्या वाटीतला पहिला चमचा दादापुढं धरायची. "आधी तुम्ही." त्यानं खाल्लं की मग एक स्वतः, पुन्हा एक त्याला, वाटी संपेपर्यंत. ती लेकीचं नाव विसरली, स्वतःचं गाव विसरली, पण हे विसरली नाही. वाढणाऱ्या मावशीला त्याचं इतकं कौतुक की ती त्यांच्या टेबलावर न सांगता दोन चमचे आणून ठेवायची. दादा आपली वाटी शेजारच्या आजोबांना देऊन टाकायचा, कारण त्याला बायकोच्या वाटीतलं मिळत होतं. कुणीतरी त्यांचा फोटो काढला. मॅनेजरबाईंनी तो मोठा करून दारातल्या भिंतीवर लावला. येणारे जाणारे थांबून बघायचे आणि "काय जोडी आहे!" म्हणायचे.

आणि दादा उतरणीला लागला.

आधी नुसता पेंगायचा. मी दुपारी चहाच्या वेळी जायचे तेव्हा त्याची मान छातीवर. मग पाय उचलेना, जमिनीवर घासत चालायला लागला. मग हात थरथरायला लागला, तोही उजवा, ज्या हातानं त्यानं आयुष्यभर बारीक स्क्रू बसवले. मी चिडवलं, भांडण उकरून काढलं, आमच्या लहानपणीच्या चोऱ्या सांगितल्या. चेहऱ्यावर काही उमटेना, भिंतीला रंग देऊन ठेवावा तसा चेहरा. "दादा, मी कोण?" विचारलं तर बऱ्याच वेळानं म्हणाला, "तोफ." पण त्यात हसू नव्हतं.

एकीकडे वहिनी म्हणावी तितकी शांत होत नव्हती, म्हणून तिची गोळी वाढवली. त्यानंतर दादा बाथरूममध्ये पडला. कपाळाला टाके. डॉक्टर आले. ते कधी खुर्चीवर टेकायचे नाहीत, उभ्या उभ्याच सगळं. त्यांनी दादाचा हात वर करून सोडला, मान डोलावली, आणि थरथर कमी व्हायची गोळी लिहिली. त्या गोळीनं त्याचा घसा कोरडा पडला आणि लघवी अडायला लागली, म्हणून दुसरी आली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं. मूळ दुखणं कोणतं ते कुणालाच सांगता येईना.

"आत्या, बाबांचं वय झालंय," भाची डोळे पुसत म्हणाली.

"तू गप्प बस," मी म्हटलं.

दादा पुन्हा पडला. या वेळी कमरेचा एक्स-रे काढायला त्याला नेलं, भाची सोबत गेली. वहिनी जेवायला एकटी पडेल म्हणून त्या दिवशी मी चहाऐवजी जेवणाच्या वेळी गेले आणि दादाच्या खुर्चीत बसले. वाटी आली, सवयीनं दोन चमचे आले. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. कधी नव्हे ते तिनं मला ओळखलं.

"घ्या ना वन्सं. आधी तुम्ही."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तोंड उघडलं. वरून गोड, आणि गोडाखाली कडू, जिभेवर खरखरीत लागणारं. मला वाटलं, दूध करपलं असेल. मी घास गालात धरला, रुमालात टाकावा म्हणून.

"जीभ वर," वहिनी म्हणाली. "गिळा."

जन्मात कुणाचं न ऐकलेली मी, गिळलं. अशी निम्मी वाटी.

बसमध्ये बसले ते आठवतं. मग कंडक्टर खांदा हलवत होता, शेवटचा थांबा आला होता, गाडी रिकामी होती. उतरले तर पाय माझे नव्हते. जीभ कापसाची झालेली. भिंत धरत धरत चालले तेव्हा समोरून येणारी एक बाई पोराला कडेला ओढून घेऊन गेली. तिला वाटलं असणार, म्हातारी दुपारीच पिऊन आलीय. घरी जाऊन पलंगावर पडले ती सकाळीच उठले, चपलांसकट. तोंड धुवायला गेले आणि आरशात पाहून दचकले. तो माझा चेहरा नव्हता. भिंतीला रंग दिलेला तो चेहरा दादाचा होता.

मी तशीच, न विंचरता, होममध्ये गेले. खलबत्त्याचा आवाज चालू होता. आतल्या खोलीत सिस्टर गोळ्या कुटत होती आणि समोर मांडलेल्या वाट्यांमध्ये मिसळत होती. प्रत्येक वाटीवर खोलीचा नंबर चिकटवलेला.

"हे माझ्या वहिनीच्या वाटीत किती दिवस घालताय?"

"गोळी थुंकायला लागल्यापासून," ती म्हणाली. "असंच घेतात त्या. रोज वाटी रिकामी येते ना परत."

"ती वाटी कोण रिकामी करतं, ते कधी बाहेर येऊन पाहिलंत?"

तिनं पाहिलं नव्हतं. जेवणाच्या वेळी तिला वरच्या अंथरुणावरच्या बायकांना भरवायचं असायचं. आणि बाहेर वाढणाऱ्या मावशीला वाटीत काय आहे ते ठाऊक नव्हतं. तिला सांगितलं होतं, नंबर बघून वाटी ठेवायची, बस. एकीनं घातलं, एकीनं वाढलं, तिसरीनं मायेनं भरवलं. भिंतीवर फोटो होता, सगळे येता जाता बघत होते, आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. मलासुद्धा. मावशीला कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली आणि "दुसरा चमचा मीच ठेवायची हो" म्हणत कपाळ बडवून घ्यायला लागली. मॅनेजरबाई मात्र सावरल्या. "आजी, शांत व्हा. नाहीतर थुंकतात ना सगळे. सगळीकडे असंच देतात."

"मी तुमची आजी नाही," मी म्हटलं, आणि पुढं जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर या वेळी खुर्चीवर बसले. दादाच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या. वहिनीला वर तिच्या खोलीत जेवण, दादाला खाली. भिंतीवरचा फोटो मीच उतरवायला लावला.

आणि दादा परत आला. एकदम नाही, गाळ खाली बसावा तसा हळूहळू. आधी पाय उचलायला लागला, मग हाताची थरथर ओसरली. एका दुपारी मी गेले तर तो होमच्या लिफ्टपाशी कान लावून उभा. "हिचा ब्रेक घासतोय. सांग त्या बाईला," म्हणाला. मी तिथंच रडायला लागले. "अगं तोफे, लिफ्टचा ब्रेक म्हटलं मी, माझा नव्हे," तो म्हणाला आणि हसला. मी जिंकले होते. त्या दिवशी मी चालत घरी गेले, बस नको वाटली.

वर वहिनीनं जेवण सोडलं होतं.

मावशी वाटी पुढं ठेवायची. वहिनी चमचा भरून समोरच्या रिकाम्या जागेपुढं धरायची. हात दुखेपर्यंत. मग चमचा खाली ठेवायची. स्वतः एक कण खायची नाही. दुसऱ्याच्या हातून खाणं तर तिला माहीतच नव्हतं. कुणी भरवायला गेलं की ओठ घट्ट मिटायचे. अर्थातच गोळीही जाईना.

मी म्हटलं, गोळीच नको. नुसतं कस्टर्ड द्या आणि दोघांना एकत्र बसवा. डॉक्टरही म्हणाले, बघू या. काही दिवस काय सुंदर गेले! खालच्या हॉलमध्ये पुन्हा एक वाटी, दोन चमचे, आणि वाटीत दुधाशिवाय काही नाही. वहिनी जेवली. दादा "वा, वा" म्हणाला. मला वाटलं, देवानं डोळे उघडले.

त्या आठवड्यातच एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं. वहिनी रस्त्यावर गेली आणि बसथांब्यावरच्या एका बाईच्या पोराचा हात धरून त्याला घेऊन चालू लागली. "चल राजा, आई येईपर्यंत जेवून घेऊ." पोर किंचाळलं, आई किंचाळली, माणसं जमली. कुणीतरी वहिनीला ढकललं. पोरं चोरणारी बाई म्हणून तिला लोकांनी मारलं. जिनं अर्ध्या वस्तीची पोरं वाढवली, तिला. होमची माणसं पोचेपर्यंत तिचा ओठ फाटला होता, आणि तरी ती त्या पोराचा हात सोडत नव्हती, कारण आपण सोडला तर ते हरवेल, असं तिला वाटत होतं. मला हे भाचीनं सांगितलं. तिलाही पुरतं सांगता आलं नाही.

"एकतर गोळी, नाहीतर दुसरीकडे बघा," मॅनेजरबाई म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आम्ही दुसरीकडे विचारलं. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "फिरतात का? मारतात का?" आणि मग जागा नाही.

गोळी सुरू झाली, ताटातूट झाली, आणि वहिनीनं पुन्हा तोंड मिटलं. तुम्ही म्हणाल, दोन वाट्या करा, त्याला साधी, तिला औषधाची. केल्या. ती आपल्याच वाटीतलं त्याला भरवते. तुम्ही म्हणाल, त्यानं खाल्ल्यासारखं करावं. केलं. "आ करा," ती म्हणाली. "जीभ वर." गोळी चहात घातली, पाण्यात घातली, तिनं थुंकून टाकली. पातळ औषध आणलं, तेही कडू. सगळं करून झालं. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधोमध दिवसेंदिवस चिपाड होत चाललेली माझी वहिनी. तिच्या मनगटातून हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, आता नाकातून नळी घालावी लागेल. नळी त्या उपटतात, म्हणून हात बांधावे लागतील.

दादानं ते ऐकून घेतलं. मग मला बाहेर बाकावर घेऊन गेला.

"हात बांधायचे म्हणतात तिचे," तो म्हणाला.

"मी बोलते त्यांच्याशी."

"तू किती बोलणार? बोललीस ना इतकं." त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, उजवा, आता न थरथरणारा. "मी जातो पुन्हा तिच्या टेबलावर."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी त्याला वेडा म्हटलं, गाढव म्हटलं, आईची शपथ घातली. "तुला ठाऊक आहे त्या वाटीत काय आहे! तू पडशील. तू जाशील दादा, जिवंतपणी जाशील. मी पाहिलंय तुला तसं!"

"मला आठवतं ते," तो म्हणाला. "इतकं वाईट नव्हतं. आत कुणीतरी दिवा बारीक केल्यासारखं वाटायचं. भीती नाही वाटत." आणि मग, "मी खाल्लं तर ती खाते गं. दुसरं काही उरलंय का तिच्याकडं?"

डॉक्टरांनी नाही म्हटलं. मॅनेजरबाईंनी नाही म्हटलं. सिस्टरनं तर हात जोडले. दादा कुणाशी वाद घालत नाही, कधीच घालत नव्हता. लिफ्ट बंद पडली होती; जेवणाच्या वेळी तो जिना चढून वर गेला आणि वहिनीसमोर बसला. तिनं चमचा उचलला. त्यानं तोंड उघडलं. मावशी रडत खोलीबाहेर गेली. वहिनीनं त्या दिवशी वाटी चाटूनपुसून खाल्ली. पुढं कुणी काही म्हणालं नाही. वाटी रिकामी येत होती, संध्याकाळी फाटकाशी आरडाओरडा नव्हता, नळी लागली नाही. सगळ्यांची सोय झाली. गोळी कमी करून पाहू, असं डॉक्टर दर वेळी म्हणतात, आणि कमी केली की संध्याकाळी वहिनी दाराशी धडका देते, मग पुन्हा होती तितकी.

"यायचं तर जेवणाआधी येत जा, तोफे," दादानं मला सांगितलं होतं. तेव्हापासून मी सकाळीच जाते. सुरुवातीला सकाळी तो पुष्कळ बोलायचा. लिफ्टच्या गोष्टी, आईच्या, वहिनीच्या त्या भिंतीशी बसलेल्या पोरांच्या. हळूहळू बोलणं आटलं. मग मी बोलायचे आणि तो ऐकायचा. मग ऐकतो का तेही कळेना. एकदा मी त्याला उठवून बाहेर काढलं, म्हटलं चल माझ्या घरी, दार उघडलं नाही तर खिडकीतून जाऊ. फाटकापर्यंत आला, आणि मागं वळून म्हणाला, "ती जेवली का?" मी त्याला परत आणून बसवलं.

काल गेले तेव्हा तो बाकावर उन्हात होता. शर्टाच्या कॉलरवर लाळ. मी ती पुसली, बटण लावलं, विचारलं, "दादा, मी कोण?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ, अगदी सभ्यपणे, जसं अनोळखी बाईकडे बघतात. मग नजर काढून घेतली.

जेवणाची घंटा झाली. तो उठला नाही. वर खिडकीत वहिनी दिसत होती, टेबलाशी बसलेली, चमचा हातात, दाराकडे डोळे लावून. नाही नेलं तर ती जेवणार नाही. नेलं तर तो आणखी थोडा जाईल. मी त्याच्या काखेत हात घातला, त्याला उभं केलं, आणि एकेक पायरी करत मीच त्याला वर नेऊन तिच्यासमोर बसवलं.